लिफाफा कोणाचा?

फुटबॉलचा हंगाम संपला की युरोपातल्या वर्तमानपत्रांत एक वेगळाच हंगाम सुरू होतो. अमुक खेळाडूचा करार संपला, तो आता मोकळा आहे, तमुक क्लबने त्याला प्रस्ताव दिला आहे, आकडा मात्र गोपनीय आहे. आमच्या मोहल्ल्यातली पोरंही मोबाइलवर या बातम्या वाचतात आणि आकड्यांवरून वाद घालतात. आकडा कुणाला ठाऊक नसतो. पण तो गोपनीय का ठेवायचा आणि कुणापासून ठेवायचा, हा प्रश्न मला आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

आधी हे मोकळं असणं काय आहे ते पाहू. जाँ-मार्क बोसमान नावाचा बेल्जियमचा खेळाडू होता. 1990 मध्ये लिएज शहरातल्या क्लबशी त्याचा करार संपला. त्याला फ्रान्समधल्या डंकर्कच्या क्लबकडे जायचं होतं. पण करार संपल्यावरही जुना क्लब बदली-शुल्क मागू शकत होता, आणि शुल्काचं जमलं नाही म्हणून बोसमान अडकला. तो कोर्टात गेला. 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, करार संपलेल्या खेळाडूवर युरोपीय संघात असा हक्क सांगता येणार नाही. आज फिफाचा नियम असा आहे की, करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी करार करू शकतो. गुलाम होता तो मोकळा झाला, असं त्या वेळी अनेकांनी लिहिलं. शब्द मोठा आहे, पण अगदी चुकीचा नाही.

मोकळा झालेला माणूस बाजारात उभा राहतो तेव्हा त्याच्याकडे विकायला एकच वस्तू असते, आणि घेणारे मोजके असतात. अशा बाजारात घेणारे आपसांत बोलले की विकणाऱ्याचं मोकळेपण कागदावर राहतं. अमेरिकेत हे झालं आहे. तिथल्या बेसबॉलमध्ये 1980च्या दशकात मालकांनी आधी करार संपलेल्या खेळाडूंना एकमेकांकडून बोलीच लावायची नाही असं ठरवलं. ते उघड झालं, लवादाने झापलं. मग त्यांनी नवी युक्ती काढली. माहितीची एक पेढी उघडली. कोणत्या खेळाडूला कुणी किती देऊ केले ते प्रत्येक मालकाने तिथे कळवायचं आणि बाकीच्यांनी तिथून विचारून घ्यायचं. खेळाडूला वाटायचं की आपल्या हातातला प्रस्ताव आपल्याला आणि देणाऱ्यालाच ठाऊक आहे. प्रत्यक्षात तो सोडून सगळ्यांना ठाऊक होता. लवादाने तेही बेकायदा ठरवलं आणि 1990 मध्ये मालकांनी 28 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

दुसरा किस्सा अलीकडचा, अमेरिकन फुटबॉलचा. तो खेळ आपल्या फुटबॉलहून वेगळा, चेंडू हातात धरून पळण्याचा. 2022 मध्ये क्लीव्हलँडच्या संघाने डेशॉन वॉटसन या खेळाडूला पाच वर्षांचे 23 कोटी डॉलर संपूर्ण हमीसह दिले. हमी म्हणजे, जखमी झाला किंवा संघाने काढला तरी पैसे मिळणारच. बाकी मालकांच्या पोटात गोळा आला. उद्या प्रत्येक जण हेच मागेल! मालकांनी संगनमत करून इतरांच्या हम्या रोखल्या, अशी तक्रार खेळाडूंच्या संघटनेने केली. जानेवारी 2025 मध्ये लवादाने 61 पानांचा निकाल दिला. त्यात म्हटलं होतं की, लीगच्या व्यवस्थापनाने संघांना हमी कमी करायला उत्तेजन दिलं होतं, पण संघांनी प्रत्यक्ष संगनमत केल्याचा पुरेसा पुरावा नाही. निकालाचं ज्याला जे वाटायचं ते वाटो. मला धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा. हा निकाल लीगने आणि खुद्द खेळाडूंच्या संघटनेने मिळून गोपनीय ठेवला. जून 2025 मध्ये एका पत्रकाराने तो बाहेर काढला तेव्हा कुठे खेळाडूंना कळलं की आपल्याच पगाराबद्दल असं काही लिहिलं गेलं आहे.

आता कुणी म्हणेल, चंद्रपूरला बसून अमेरिकेतल्या कोट्यधीश खेळाडूंची काळजी कशाला? त्यांची काळजी मला नाही. माझ्या डोळ्यांपुढे आहे तो तेंदूचा लिलाव.

आपल्या जिल्ह्यांतही 'बोसमान निकाल' लागलेला आहे, आणि तोही जवळपास त्याच काळात. महाराष्ट्रात 1969 च्या कायद्याने तेंदूपानांचा व्यापार सरकारच्या हाती गेला. जंगलात पान तोडणारा गोंड, माडिया, परधान, ढिवर, कुणी का असेना, पान त्याचं नव्हतं. वनविभाग युनिट पाडायचा, कंत्राटदाराला विकायचा, आणि तोडणाऱ्याला पुड्यामागे मजुरी मिळायची. 1996 मध्ये पेसा कायदा आला. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे गडचिरोलीच्या मोठ्या भागात आणि चंद्रपूरच्या काही भागात, गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेची असल्याचं त्याने सांगितलं. 2006 च्या वनहक्क कायद्याने तर व्याख्येतच बांबू आणि तेंदू ही नावं घालून ठेवली. तरी कायदा कागदावरून जंगलात उतरायला आणखी वर्षं गेली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक मिळालं ते 27 एप्रिल 2011 रोजी. ते द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण या दोघांना गावात यावं लागलं, यावरूनच ते किती अडलं होतं ते समजावं.

तेव्हापासून आपल्या भागातली कितीतरी गावं 'मोकळे खेळाडू' आहेत. मे महिन्यातले थोडे दिवस पान तोडलं जातं. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पान निघालं की ते लगेच वाळवायचं, गोणीत भरायचं, पाऊस यायच्या आत उचलायचं. फळीवर पुडे मोजणारा दिवाणजी बसतो, तो कंत्राटदाराचा माणूस. हंगामाआधी ग्रामसभा जाहिरात देते, तारीख ठरवते, कंत्राटदार येतात. कुठे उघड बोली होते, कुठे बंद लिफाफे. त्या एका दिवशी ठरलेल्या दरावर घराघरातलं वर्षाचं पुष्कळ काही ठरतं. शाळेची फी, दवाखाना, बियाणं, मुलीचं लग्न. जुन्या खेळाडूसारखंच गावाकडेही विकायला एकच वस्तू असते आणि तिचा मोसम पंधरवड्याचा असतो. खेळाडू निदान एक वर्ष घरी बसू शकतो. पान बसत नाही, ते जून होतं.

आता इथे गोपनीयता दोन प्रकारची असते, आणि सगळा घोळ या दोन्ही एकच समजण्यात आहे.

एक गोपनीयता लिफाफ्याची. चार कंत्राटदार आपापला दर लिहून लिफाफा बंद करतात. उघडेपर्यंत कुणाचा दर कुणाला कळू नये. ही चांगली गोष्ट आहे, कारण तिच्यामुळे प्रत्येक जण स्वतःच्या हिशेबाने बोलतो. दुसरी गोपनीयता वेगळी. आदल्या संध्याकाळी तेच चौघे कुठल्यातरी लॉजवर बसतात, हे गाव तुझं, ते गाव माझं असं वाटून घेतात, आणि सकाळी चार लिफाफे येतात. त्यांतला एक जिंकायला आलेला असतो, तीन हरायला. लिफाफे बंदच असतात, नियमाचा भंग कुठे दिसत नाही. अमेरिकन बेसबॉल मालकांची माहितीची पेढी आणि ही लॉजवरची बैठक यांत फरक आहे तो फक्त चहाचा. आपल्या 2002 च्या स्पर्धा कायद्यात याला संगनमताने बोली लावणं म्हणतात आणि ते बाजाराला घातक असल्याचं कायदा गृहीतच धरतो. पण कोरचीच्या किंवा भामरागडच्या गावातून दिल्लीच्या आयोगाकडे कोण जाणार?

लिलाव झाल्यावर तिसरंच वाक्य ऐकू येतं. ते कोणत्याही बाजारातलं आहे, तेंदूचंच नाही: "तुम्हाला म्हणून हा भाव दिला, बाजूच्या गावात सांगू नका." ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याला जास्त मिळालं. बाजूच्या गावालाही हेच सांगितलेलं असतं.

आता हे आपल्या ब्लॉगवर का लिहितो, ते सांगतो. एक तर विडीच्या धंद्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत आपले लोक आहेत. पान घेणारे व्यापारी आहेत, गाड्या लावणारे आहेत, आणि कामठीपासून सोलापूरपर्यंत घरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या आपल्या बायकाही आहेत. दुसरं म्हणजे, या विषयावर आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीचं स्पष्ट मार्गदर्शन आहे. जुम्याच्या खुत्ब्यात ते क्वचितच ऐकू येतं, हे मात्र खरं.

मदिनेच्या बाजारात बाहेरगावचे काफिले माल घेऊन यायचे. शहरातले चलाख व्यापारी पुढे जाऊन त्यांना वाटेतच गाठायचे आणि शहरातला भाव त्यांना कळायच्या आत माल घ्यायचे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी याला मनाई केली. फिक्हच्या पुस्तकांत याचं नाव 'तलक्की अल-रुकबान'. सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये तर पुढचाही उपाय आहे. असा सौदा झालाच, आणि माल विकणारा नंतर बाजारात पोहोचला, तर सौदा ठेवायचा की मोडायचा हा अधिकार त्याचा. मला यातली बारकाई मोठी वाटते. वाटेत कुणी बळजबरी केलेली नसते, खोटंही बोललेलं नसतं. विकणाऱ्याने राजीखुशीने विकलेलं असतं. तरीही तो सौदा डळमळीत ठरतो, कारण घेणाऱ्याला जे ठाऊक होतं ते विकणाऱ्याला कळू नये अशी व्यवस्था केलेली होती.

इब्न तैमिया यांनी 'अल-हिस्बा' या ग्रंथात याच्या पुढचं पाऊल टाकलं आहे. घेणाऱ्यांनी आपसांत एकी करून लोकांचा माल कमी किमतीत पाडायचा ठरवला, तर बाजाराची देखरेख करणाऱ्याने त्यांना रोखलंच पाहिजे, असं ते मांडतात. लॉजवरच्या बैठकीचा विषय सातशे वर्षांपूर्वी निकालात निघालेला आहे. आपल्यातले जे त्या बैठकीला बसतात, त्यांतले काही रमजानमध्ये मोजून जकात काढतात. जकात काढतात ते चांगलंच आहे. पण गोणीमागे जे पाडलं, ते जकातीने पाक होतं का, हे एकदा आपल्या आलिमांना विचारावं. आणि विचारताना लॉजची हकिकत पूर्ण सांगावी.

कुणी म्हणेल, म्हणजे सगळंच जाहीर करायचं का? नाही. इथे मला आपल्या घरांतली एक रीत आठवते. मुलीला पैगाम येतो तेव्हा घरातली मोठी माणसं तो गाजावाजा न करता ठेवतात. कुणाचा आला, कुणाला नाही म्हटलं, हे चौकात बोलायचं नसतं. ती अमानत असते. पण ती अमानत कुणाची? पैगाम ज्या मुलीला आला तिची. तिच्यापासूनच तो लपवला तर त्याला अमानत म्हणत नाहीत. फातिमा बिन्त कैस (र.) यांची हदीस प्रसिद्ध आहे. त्यांना मुआविया आणि अबू जहम अशा दोघांचे पैगाम आले. त्यांनी दोन्ही प्रेषितांना (स.) सांगून सल्ला विचारला, आणि प्रेषितांनी दोघांबद्दल मोकळेपणाने सांगितलं: एकाकडे पैसा नाही, दुसऱ्याच्या खांद्यावरून काठी उतरत नाही. मग उसामा यांचं नाव सुचवलं. पैगाम देणाऱ्यांची परवानगी कुणी घेतली नाही. प्रस्ताव जिला आला तिचा तो होता, आणि विश्वासाच्या माणसाला दाखवायचा अधिकारही तिचाच.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. प्रस्तावाची गोपनीयता ही प्रस्ताव ज्याला आला त्याच्या हातात असावी. खेळाडूला आलेला आकडा त्याने आपल्या संघटनेला सांगावा की नाही, हे त्याने ठरवावं, क्लबने नाही. गावाला मिळालेला दर शेजारच्या गावाला सांगायचा की नाही, हे ग्रामसभेने ठरवावं, कंत्राटदाराने नाही. आणि गाव म्हणजे सरपंच आणि दोन पुढारी नव्हेत. अमेरिकेतल्या खेळाडूंच्या बाबतीत हेच घडलं: मालकांशी भांडायला नेमलेल्या पुढाऱ्यांनीच निकाल कपाटात ठेवला. आपल्याकडेही लिफाफा चार जणांत उघडला जातो आणि बाकीच्यांना दर कळतो तो फळीवर दिवाणजीकडून.

आयपीएलमध्ये याचा एक मासला आहे, आणि तो आपल्या मुंबईच्याच संघाचा. 2010 च्या लिलावात कायरन पोलार्डवर चार संघांनी कमाल मर्यादेची, साडेसात लाख डॉलरची बोली लावली. मग बरोबरी फोडायला प्रत्येकाने एक गुप्त आकडा लिहून द्यायचा असं ठरलं. मुंबईचा आकडा मोठा निघाला. तो किती होता ते जाहीर झालं नाही, आणि वरची रक्कम पोलार्डला मिळाली नाही, ती मंडळाकडे गेली. माणसाची किंमत ठरली, पण त्या माणसाला ती ना सांगितली, ना दिली. बंद लिफाफ्याचा इतका शुद्ध नमुना मला दुसरा माहीत नाही. वनविभागाच्या काळात तेंदू तोडणाऱ्याची स्थिती काही फार वेगळी नव्हती.

दुसरी बाजूही आहे आणि ती टाळून चालणार नाही. गडचिरोलीत पैशाचा आकडा चौकात लिहिणं नेहमी सुरक्षित राहिलेलं नाही. तेंदूच्या हंगामात जंगलातल्या बंदूकधाऱ्यांनी कंत्राटदारांकडून वसुली केली, ही जिल्ह्यात उघड गोष्ट आहे. ज्या गावात लाखो रुपये आल्याचं कळेल त्या गावाचा दरवाजा रात्री कोण ठोठावेल, ही भीती काल्पनिक नव्हती. पण तिचा उपाय रक्कम ग्रामसभेच्या बँक खात्यात घेणं हा आहे, दर दाबून ठेवणं हा नाही. शिवाय वसुली करणाऱ्यांना दर नेहमीच ठाऊक असायचा. ठाऊक नसायचा तो पुडे बांधणाऱ्या बाईला.

व्यापाऱ्याचीही रास्त तक्रार असते. विकणारेही खेळी करतात. फुटबॉलमध्ये दलाल खोट्या प्रस्तावांच्या बातम्या पेरतात, अमका मोठा क्लब मागे लागला आहे म्हणून. घ्यायचं नसताना किंमत चढवायला लावलेल्या बोलीला आपल्याकडे 'नज्श' म्हणतात, आणि तीही तितकीच हराम आहे. एखाद्या गावाने न आलेला दर आल्याचं सांगून कंत्राटदाराला चढवलं, तर ते याच खात्यात जातं. शिवाय तेंदूचा भाव पडतो तो दर वेळी संगनमतानेच, असंही नाही. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा पानांवर 18 टक्के आणि विडीवर 28 टक्के कर बसला. 2025 च्या सप्टेंबरात तो पानांवर 5 झाला, आणि विडीवर फेब्रुवारी 2026 पासून 18. विडी ओढणाराही कमी होतो आहे, आणि व्हावाच. म्हणून व्यापाऱ्याने कमी दर लिहिला म्हणजे तो चोर, असं नाही. दर कमी का, हे सगळ्यांसमोर सांगायला त्याची ना नसावी, एवढंच.

लिलावाला इस्लामचा विरोध आहे असं काही जण समजतात, भावावर भाव करू नये या हदीसमुळे. ती मनाई सौदा ठरल्यानंतरची आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात एका गरीब अन्सारीची गोष्ट आहे. तो मागायला आला होता. प्रेषितांनी (स.) त्याच्या घरातलं एक जाड कापड आणि एक पेला मागवून घेतला आणि लोकांसमोर बोली लावली. एकाने एक दिरहम म्हटला. जास्त कोण देतो, असं विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिले. त्यातून एकाचं धान्य आणि एकाची कुऱ्हाड आली, आणि तो माणूस लाकडं तोडायला गेला. विकणारा समोर उभा होता. दोन्ही आकडे त्याने आपल्या कानांनी ऐकले.

आपल्या भागातल्या गावांनी स्वतःच काही वाटा काढल्या आहेत. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. एकेकट्या गावाला वाटेत गाठणं सोपं असतं, सगळ्यांना एका दिवशी एका मांडवात गाठणं अवघड. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने तर तेंदू विकायचाच नाही असं ठरवलं. झाडाचं नुकसान होतं आणि तंबाखूला हातभार लागतो म्हणून. बांबूवर ते गाव उभं आहे. सगळे प्रस्ताव नाकारायची ऐपत ज्याच्याकडे आहे तो खरा मोकळा. पण प्रत्येक गावाच्या वाट्याला तसा बांबू नसतो.

लिलाव मेच्या आधी होतात. तेव्हा आपले जे व्यापारी भाऊ यंदा लिफाफा घेऊन जाणार आहेत त्यांना माझी विनंती आहे की, आदल्या रात्रीचं बोलावणं आलं तर जाऊ नका. लिफाफा ग्रामसभेत, बायकांसह सगळे बसलेले असताना उघडायला सांगा. दर आणि मजुरी दोन्ही खडूने फळीवर लिहून ठेवायला तुमच्या दिवाणजीला सांगा. करारनाम्यात दर इतरांना सांगू नये असं कलम कुणी छापून आणलं असेल तर सहीच्या आधी त्यावर काट मारा, आणि काट मारल्याच्या बाजूला तुमची सही करा.